कच्च्या आहारातली हुडहुडी

दोन-तीन महिने निव्वळ कच्च्या अन्नावर काढलेला माणूस भेटला, की वजन किती उतरलं ते आधी सांगतो आणि थंडी वाजते हे मागाहून. डिसेंबर-जानेवारीचं तर बोलायलाच नको. पण ऐन मार्चमध्ये घरातले सगळे पंख्याखाली बसलेले असतात, तेव्हाही याच्या पायांत मोजे आणि अंगावर शाल असते. बोटं गार, नाकाचा शेंडा गार, दोन पांघरुणं घेतली तरी मध्यरात्रीपर्यंत पावलांत ऊब येत नाही. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत, शुद्धी चालली आहे, थोडे दिवस सोसायचं.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते विश्वासाने ऐकणाऱ्यांचं त्यातून नुकसान होतं. सतत वाजणारी थंडी बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असते: शरीराला लागतं तेवढं इंधन पोटात जात नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कच्च्या आहाराशी काहीही संबंध नसलेल्या एका प्रयोगात मिळतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हा प्रश्न होता. तो अभ्यासण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. शस्त्र हाती धरायला सदसद्विवेकापोटी नकार दिलेले हे तरुण होते. १९४५ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, २४ आठवडे, त्यांना रोज सुमारे १६०० कॅलरीच मिळतील असं अन्न दिलं गेलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. सगळं शिजवलेलं. त्यांचं वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटलं, नाडी मंदावली आणि विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करतं ती ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. भर उन्हाळ्यात हे तरुण अंगावर जादा कपडे चढवून फिरत होते. सूप आणि कॉफी इतरांना तोंडही लावता येणार नाही इतकी कढत मागत होते. कोणीही त्यांची शुद्धी करत नव्हतं. ते अर्धपोटी होते, एवढंच.

पगार निम्म्यावर आला की घर जशी एकेका खर्चाला कात्री लावतं, तसंच शरीर करतं. आवक घटली की थायरॉइडच्या टी-३ या संप्रेरकाचं प्रमाण उतरतं आणि पेशींमधली उष्णतानिर्मिती मंदावते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब राखली जाते आणि हातापायांच्या वाट्याला कमी रक्त येतं. त्यातच त्वचेखालची चरबी झडलेली असते, त्यामुळे असलेली ऊबही टिकत नाही.

कच्चं खाणाऱ्यांच्या बाबतीत हे खरंच घडतं का? जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ मुख्यतः कच्चं अन्न खाणाऱ्या ५१३ जणांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २९७ स्त्रिया होत्या. हा आहार सुरू केल्यापासून स्त्रियांचं वजन सरासरी १२ किलोंनी आणि पुरुषांचं सुमारे १० किलोंनी उतरलं होतं. चारपैकी एक स्त्री प्रमाणापेक्षा कमी वजनाची होती. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी जवळपास ३० टक्के जणींची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. पाळी थांबणं आणि हातपाय गार पडणं ही एकाच काटकसरीची दोन रूपं आहेत. पहिल्याबद्दल बाई डॉक्टरकडे जाते. दुसऱ्याबद्दल स्वेटर घालून गप्प बसते.

आपल्याकडच्या एखाद्या बाईचा कच्च्या आहाराचा दिवस मांडून पाहू. सकाळी ग्लासभर कोहळ्याचा रस. नाश्त्याला अर्धा किलो पपई. दुपारी वाटीभर मोड आलेले मूग आणि त्यासोबत काकडी, गाजर, टोमॅटो मिळून अर्धा किलो. चार वाजता शहाळ्याचं पाणी आणि दोन केळी. संध्याकाळी पुन्हा वाडगाभर सॅलड, चार खजूर, दहा भिजवलेले बदाम. ताट भरलेलं दिसतं, पोटही तट्ट होतं, कारण दिवसभरात अडीच किलोंच्या आसपास अन्न आत गेलेलं असतं. पण बेरीज साधारण ९५० कॅलरींवर थांबते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मानकांनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीची गरज १६६० कॅलरी आहे. मिनेसोटातल्या तरुणांना मिळत होत्या त्याहूनही या बाईच्या पोटात कमी जाताहेत, आणि तिला वाटतं आहे की आपण दिवसभर खातच असतो.

‘फ्रीजमधलं गार खातेस, म्हणून गारठतेस,’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. पाच अंशांवरचं दोन किलो सॅलड शरीराच्या तापमानाला आणायला ६०-६५ कॅलरी लागतात, म्हणजे एका लहान केळ्याएवढ्या. खाल्ल्यावर तासभर कापरं भरण्यामागे हे कारण असू शकतं. महिनोन् महिने बर्फासारख्या राहणाऱ्या पावलांमागे नाही.

कच्च्या अन्नातली ऊर्जा पूर्णपणे हाती लागत नाही, हा मुद्दा मात्र अधिक महत्त्वाचा. शिजवल्याने पिष्ट फुगून मऊ होतं, वनस्पतींच्या पेशींच्या भिंती सैल पडतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पाचकरसांचं काम सोपं होतं. अंड्यातल्या प्रथिनांवर बेल्जियममध्ये १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्या अंड्यातली जेमतेम ५१ टक्के. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी ‘कॅचिंग फायर’ या २००९ च्या पुस्तकात मांडलंय की मोठा मेंदू आणि लहान आतडं असलेला माणूस घडला तोच चुलीच्या जोरावर. उत्क्रांतीबद्दलचं त्यांचं सगळं म्हणणं सर्वांना मान्य नाही, पण शिजवल्याने अन्नातून जास्त ऊर्जा मिळते याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. त्यामुळे वरच्या ९५० कॅलरीही सगळ्या अंगी लागतील, असं धरून चालता येत नाही.

आता रक्ताकडे वळायला हवं, कारण महाराष्ट्रात रक्तक्षयाचा प्रश्न गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेलं शरीर ऊब नीट राखू शकत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना २८ अंशांच्या, म्हणजे गारठवणाऱ्याही नव्हे अशा पाण्यात बसवलं होतं. रक्तक्षय असलेल्यांच्या शरीराचं तापमान इतरांपेक्षा जास्त उतरलं आणि त्यांची थायरॉइड संप्रेरकंही कमी आढळली. फळं आणि कच्च्या भाज्यांमधलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, हे या आहाराच्या बाजूने सांगायलाच हवं. पण मुळात लोहच थोडं असेल, तर ते तरी किती पुरं पडणार?

ब-१२ जीवनसत्त्वाचं तर सरळ आहे: वनस्पतींमधून ते मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोन तृतीयांश जणांमध्ये ब-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. हे सगळे वरण-भात-पोळी खाणारे लोक. अशा माणसाने दूध-दहीही सोडून पूर्ण कच्च्या शाकाहाराकडे वळायचं, तर ब-१२ ची गोळी हा त्याच्या आहाराचाच भाग मानायला हवा. कमतरता वाढली की पावलं बधिर होतात, मुंग्या येतात, आणि अनेकजण त्यालाही थंडीच समजतात.

आणि थायरॉइड. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० मध्ये एका ८८ वर्षांच्या स्त्रीची हकिगत छापून आली. मधुमेह आटोक्यात येईल या आशेने ती कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय ही कोबीच्या कुळातली चिनी पालेभाजी कच्ची खात होती. थायरॉइड इतकी मंदावली, की तिला बेशुद्धीच्या उंबरठ्यावर रुग्णालयात आणावं लागलं. कोबीवर्गातल्या भाज्यांत आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्यं तयार होतात आणि शिजवल्यावर ती पुष्कळशी निकामी होतात. वाटीभर कोबीच्या पचडीने असं काही होत नाही. किलो-किलो कच्चा कोबी, केल आणि त्यांचे रस रोज पोटात जाऊ लागले की विचार करावा लागतो. थंडीसोबत बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, केस गळणं असेल, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुढे ढकलू नये.

हे सगळं वाचूनही ज्याला कच्चं खायचंच आहे त्याने काय करावं? पहिलं म्हणजे भर घालावी. वरच्याच दिवसात दोन मुठी भिजवलेले शेंगदाणे, दोन-तीन चमचे कुटलेले तीळ, अर्ध्या वाटीहून थोडं जास्त ओलं खोबरं आणि आणखी पाच खजूर आले, तर सातशेहून अधिक कॅलरी वाढतात आणि बेरीज १६६० च्या आसपास पोचते. तीळ कुटूनच घ्यावेत, अख्खे बरेचसे तसेच बाहेर पडतात. रस काढून चोथा टाकण्याऐवजी फळ खावं. फळं-भाज्या फ्रीजमधून दोन तास आधी बाहेर काढून ठेवाव्यात. कच्च्या आहाराचे कडक पुरस्कर्तेही साधारण ४० ते ४८ अंशांपर्यंतची ऊब चालवून घेतात, त्यामुळे नारळाचं कोमट दूध किंवा हाताला सोसेल इतकं गरम केलेलं टोमॅटोचं सार नियमात बसतं. आलं, मिरी, हिरवी मिरची यांनी गरम वाटतं, पण तो आभास असतो. त्यातून इंधन मिळत नाही. चालणं, जोर-बैठका चांगल्या, मात्र पोटात पुरेसं गेलं असेल तरच. आणि या आहारावर एकादशी, सोमवार, सोळा सोमवार असे उपास चढवू नयेत.

मराठी स्वयंपाकाने कच्च्याला ताटात डावीकडे मानाची जागा दिली आहे. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडतं, खोबरं पडतं, वरून तुपाची फोडणी बसते. पाणीदार भाजीला इंधनाची जोड देणारी ही रीत आहे. थंडीतली बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची भाजी, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, हे सगळं त्याच शहाणपणातून आलेलं.

कच्च्या आहाराचं आकर्षण आपल्याकडे नवं नाही. गांधीजींनी १९२९ मध्ये आगीचा स्पर्श नसलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला आणि त्याबद्दल ‘यंग इंडिया’त लिहिलं. पुढे आमांश झाला, तेव्हा प्रयोग थांबवला आणि तेही वाचकांना सांगितलं. रोज थोडी हिरवी पानं कच्ची खावीत, हा आग्रह त्यांनी नंतरही सोडला नाही.  त्यांच्या नावाने कच्च्या आहाराचा प्रसार करणाऱ्यांनी प्रयोग थांबवल्याचं सांगण्याचा हा प्रामाणिकपणाही उचलायला हवा.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांकडे आणि ऑनलाइन आहारतक्ते विकणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. तक्त्यावर रोजच्या कॅलरींची बेरीज लिहा. सुरुवातीला वजन, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ब-१२ आणि टीएसएच तपासा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गरोदर बायका, वाढती मुलं, वृद्ध, मधुमेहाची औषधं घेणारे यांना या वाटेला लावू नका. थंडी वाजते असं कोणी म्हणालं तर ‘सोसा’ म्हणू नका, काय-काय खाल्लंत ते विचारा. आणि भर घालूनही तीन-चार आठवड्यांत हातपाय गारच राहिले, तर रक्त तपासायला पाठवा आणि रात्रीच्या जेवणात गरम आमटी-भात किंवा तूप घातलेली मुगाची खिचडी घ्यायला सांगा. त्यासाठी दुपारचं कच्चं ताट सोडावं लागत नाही.