नवे बियाणे आणि जुने बियाणे

जगाची लोकसंख्या आज आठशे कोटींच्या वर गेली आहे. एवढ्या मुखांत रोज घास पडावा म्हणून कोण राबते, असा प्रश्न केला तर बहुतेक जण पाऊस, जमीन आणि शेतकऱ्याचे कष्ट यांची नावे घेतील. ती घेणे योग्यच होय. परंतु या तिघांच्या बरोबरीने मान द्यावा अशी चौथी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे मुठीत मावणारे बी. बी हलके असेल, तर उत्तम जमीन आणि भरपूर पाणी लाभूनही ते आपल्या शक्तीबाहेरचे पीक देऊ शकत नाही.

आज आपण खातो तो गहू निसर्गाने जसाच्या तसा आपल्या हाती दिलेला नाही. रानगव्हाची ओंबी पिकली की तिचे दाणे गळून मातीत विखुरतात. वनस्पतीच्या दृष्टीने हे सोयीचे. पण कापणी करणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील माणसांनी दाणे न गळणाऱ्या ओंब्या गोळा केल्या, त्यांतलेच दाणे पुन्हा पेरले, आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. बियाण्याच्या सुधारणेचा आरंभ असा निनावी शेतकऱ्यांच्या खळ्यावर झाला.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी याच कामाला गती दिली. त्यांच्यापुढे एक अवघड कोडे होते. उंच वाढणाऱ्या गव्हाला खतपाणी अधिक दिले की ओंबी जड होई, काडाला तिचा भार पेलत नसे आणि वाऱ्याच्या एका झोताने उभे पीक लोळे. खत द्यावे तर पीक आडवे, न द्यावे तर उतारा कमी! या कोड्याचे उत्तर जपानमध्ये सापडले. तेथे १९३५ साली ‘नोरिन १०’ हे ठेंगणे वाण तयार झाले होते. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत पोचले. ऑर्व्हिल व्होगेल यांनी तेथील गव्हाशी त्याचा संकर केला आणि त्या संकराचे दाणे नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोत आले.

बोरलॉग १९४४ पासून तेथे तांबेरा रोगाशी झुंजत होते. गव्हाचा संकर करणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. इवल्याशा फुलातील परागकोश चिमट्याने एकेक काढून टाकायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि योग्य वेळी दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलांवर झाडायचे. हजारो रोपे वाढवावीत तेव्हा त्यांतून एखादे उपयोगी ठरते. बोरलॉग यांनी एक पीक सोनोराच्या सखल मैदानात आणि दुसरे तोलुकाच्या थंड पठारावर घेतले. वर्षाला दोन पिढ्या मिळाल्याने वेळ निम्मा झाला. शिवाय दोन भिन्न हवामानांत टिकलेला गहू दूरच्या देशांतही तग धरू लागला.

भारताला या गव्हाची निकड फार होती. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. १९६६ साली देशाला सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले. ज्या देशाची चूल दुसऱ्याच्या जहाजाची वाट पाहते, त्याचे स्वातंत्र्य अपुरेच म्हटले पाहिजे. डॉ. स्वामिनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या आग्रहाने आणि कृषिमंत्री सुब्रह्मण्यम् यांच्या धैर्याने १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले गेले. पुढे आपल्या संशोधकांनी ‘कल्याणसोना’ व ‘सोनालिका’ ही वाणे निवडून काढली. १९६४-६५ साली देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकला होता. १९६७-६८ साली तो आकडा एक कोटी पासष्ट लाख टनांपर्यंत गेला. आज तो अकरा कोटी टनांच्या पुढे आहे.

या यशावर आक्षेप घेणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पंजाबात भूजल खोल गेले, रासायनिक खतांचा वापर बेसुमार झाला, जुनी वाणे शेतांतून नाहीशी झाली, असे ते म्हणतात. हे सारे खरे आहे. परंतु पंजाबचे पाणी आटले ते मुख्यतः भाताच्या अमर्याद लागवडीमुळे आणि फुकट विजेवर अहोरात्र चालणाऱ्या पंपांमुळे. हा दोष धोरणाचा व अविवेकाचा आहे. त्याचे खापर बियाण्याच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हे. त्याचप्रमाणे कोठार भरणे एवढेच बियाण्याच्या हाती असते. कोठारातील दाणा गरिबाच्या ताटात पोचविणे हे समाजाचे काम आहे.

जुनी वाणे नाहीशी होणे ही मात्र खरोखर गंभीर गोष्ट आहे. कारण नवे बी हे जुन्या बियाचेच अपत्य होय. जपानच्या ठेंगण्या गव्हावाचून बोरलॉग यांचे श्रम सफळ झाले नसते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे निवडलेले ज्वारीचे ‘एम ३५-१’ हे वाणही शेतकऱ्यांच्या मालदांडीतूनच निघाले. एकाच वाणावर विसंबून राहिल्याने काय अनर्थ ओढवतो, हे आयर्लंडने भोगले आहे. १८४५ पासून तेथील बटाट्यावर करपा पडला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली.

निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने हा धोका ओळखून देशोदेशींची लक्षावधी बियाणी लेनिनग्राड येथे जमविली होती. १९४१ साली जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला. त्या वेढ्यात बियाण्यांचे रक्षण करणारे कित्येक संशोधक उपासमारीने मेले. भाताच्या संग्रहाचे रक्षक दिमित्री इवानोव हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने गेले, पण त्यांतला दाणा त्यांनी तोंडात घातला नाही. आपल्याकडे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरची गावठी बियाणी जमवून जतन केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तरीही वाविलोव यांच्या आणि त्यांच्या कामाचे मर्म एकच आहे.

म्हणून नवे की जुने, हा वाद मला निरर्थक वाटतो. नव्याला नावे ठेवणाऱ्याने भुकेचे दिवस विसरू नयेत. जुन्याला टाकाऊ समजणाऱ्याने उद्याच्या रोगांचा आणि अवर्षणांचा विचार करावा. पुढील पिढीतील शास्त्रज्ञाला जे गुण शोधावे लागतील, ते कदाचित आज एखाद्या आजीच्या मडक्यात राखेत घोळून ठेवलेल्या मूठभर बियाण्यात असतील. ते मडके रिकामे होऊ न देणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.