पाणी कोठे मुरते?



लग्नसराई आटोपली की शालू आणि कोट ड्रायक्लीनिंगला जातात. तेथे पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात कपडे धुतात. जगभर बरीच वर्षे यासाठी परक्लोरोएथिलीन हे द्रावक वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारे’ या गटात ठेवले आहे.

तेल पाण्यावर तरंगते, पण हे द्रावक पाण्याच्या दीडपटीहून जड असल्यामुळे तळाशी बसते. जमिनीवर सांडले तर भूजलाच्याही खाली उतरते, खडकाच्या फटींत साचते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात कँप लेज्यून नावाचा लष्करी तळ आहे. तेथील टारावा टेरेस वसाहतीत सैनिकांची कुटुंबे राहत. जवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातील सांडपाणी सेप्टिक टँकमधून जमिनीत जाई आणि उरलेला गाळ आवारातील खड्डे बुजवायला वापरला जाई. हे सर्व वसाहतीच्या विहिरीत उतरले. फेब्रुवारी 1985 मध्ये तेथील नळाच्या पाण्यात लिटरमागे 215 मायक्रोग्रॅम द्रावक आढळले. अमेरिकेतील आजची मर्यादा 5 आहे. 1982 मध्येच तपासणीत त्याचा अंश दिसला होता, तरी विहिरी बंद झाल्या 1985 मध्ये. मधली तीन वर्षे मुले तेच पाणी पीत राहिली. त्या तळावर 1953 ते 1987 या काळात राहिलेल्यांना भरपाईचा दावा करू देणारा कायदा झाला तो थेट 2022 मध्ये.

असे पाणी शुद्ध करण्याचे उपाय आहेत. पाणी उपसून त्यात हवा सोडतात किंवा ते कोळशातून गाळतात, मातीतील वाफ पंपाने ओढतात, काही जिवाणूही हे द्रावक मोडतात. पण उपसा थांबवला की खालचे द्रावक पुन्हा विरघळू लागते. म्हणून या कामाला दशके लागतात.

हे सातासमुद्रापलीकडचे आहे असे आपण इंदूरकरांनी म्हणू नये. भोपाळच्या बंद कारखान्यालगतच्या भूजलात क्लोरीनयुक्त रसायने सापडली, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेथील वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. जानेवारी 2025 मध्ये त्या आवारातील कचरा आपल्या शेजारी पीथमपूरला आणला गेला. वरचा कचरा ट्रकमध्ये भरता आला. जमिनीत मुरलेला कसा भरणार?

काही पालक म्हणतात, “सर, आर.ओ. लावले की झाले!” आमचे मत वेगळे आहे. आर.ओ. एका नळाचे पाणी सांभाळेल, शेजाऱ्याच्या बोरिंगचे नाही. नर्मदेचे पाणी असले तरी उन्हाळ्यात आपल्याला बोरिंगचाच आधार असतो.

म्हणून विश्वस्तांना विनंती की शाळेच्या बोरिंगच्या वार्षिक तपासणीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतू पाहतात, द्रावके नाहीत. ती वेगळी सांगून करून घ्यावी लागतात. खर्च वाढेल, पण तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा तो कमीच असेल. अहवाल चांगला असो वा वाईट, तो सूचनाफलकावर लावावा, आणि दोष निघाला तर नळ त्याच दिवशी बंद करावा.

ज्या पालकांचे ड्रायक्लीनिंग, गॅरेज किंवा रंगकामाचे व्यवसाय आहेत, त्यांनी उरलेले द्रावक नालीत किंवा मातीत ओतू नये. ते बंद डब्यात साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावे.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगशाळेतील रसायनेही बेसिनमध्ये न ओतता नाव लिहिलेल्या बाटलीत ठेवायची आहेत. मराठीत संशय आला की आपण म्हणतो, “कुठेतरी पाणी मुरते आहे.” आपल्या शाळेचे पाणी कोठे मुरते आणि त्याबरोबर काय मुरते, हे विचारायची सवय तुम्ही लावून घ्या. विचारणाऱ्याला उत्तर देणे हे आम्हा मोठ्यांचे काम आहे.