आत यायले दार, बाहेर जायले कुलूप

थोडं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण या खात्यावरची ही शेवटची मोठी पोस्ट आहे. महिनाअखेरीस हे खातं मी नुसतं बंद करणार नाही, पुसून टाकणार आहे. बातम्यांचं पेज सुरू राहील, ते सहकाऱ्यांच्या हाती दिलं आहे.

हे सांगितल्यापासून रोज एकच विचारणा. "काऊन भाऊ, कोणाशी वाकडं झालं काय?" कोणी म्हणते पोलिसांची नोटीस आली असंन, कोणी म्हणते घरी भांडण झालं असंन. आपली माहिती आपली आहे म्हणून माणूस ती परत मागतो, हे कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

खातं उघडायला आपल्याला किती वेळ लागला होता? मोबाईल नंबर, एक ओटीपी, झालं. आता सोडताना काय होतं ते पाहा. फेसबुकवर दोन पर्याय आहेत, 'डीॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट'. पहिल्यात दुकानाचं शटर पडतं, माल आतच राहतो. दुसरा निवडला तर ३० दिवस वाट पाहायची. तेवढ्यात आपण पुन्हा लॉगिन करून परत आलो की डिलीटचा अर्ज रद्द. सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, हे कंपनी स्वतःच सांगते. दुसऱ्याला पाठवलेले मेसेज तर त्याच्या इनबॉक्समध्ये राहतातच. व्हॉट्सॲपचंही तसंच. फोनमधून ॲप काढलं म्हणजे खातं मिटलं, असं निम्म्या गावाला वाटतं. ते मिटत नाही.

३० दिवसांचं कारण मी समजू शकतो. कोणी खातं हॅक करून पुसलं, तर मालकाला ते परत मिळायला पाहिजे. पण डिलीटचं बटन पाच पडद्यांच्या मागं दडवण्यात कोणाचं भलं आहे?

आता आपल्याच दोन शहरांचं आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत १२ तारखेचे मोर्चे, १३ तारखेचा बंद, जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला. तिथंही इंटरनेट बंद. या दोन घटनांच्या मध्ये, जून २०२२ मध्ये, अमरावतीत एका औषध विक्रेत्याचा खून झाला. व्हॉट्सॲप गटात टाकलेल्या पोस्टवरून तो झाला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. एकदा गटात टाकलेला शब्द कुठं जातो, कोणाच्या फोनमध्ये जाऊन बसतो, हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

सरकारच्या मनात आलं की अख्ख्या शहराचं इंटरनेट एका आदेशानं थांबतं. आणि एका माणसाला स्वतःचा फोटो परत पाहिजे असला, तर तीन-तीन महिने!

हे भांडण नवं नाही. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या वापरकर्त्यांची माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं, तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ ला न्यायालयानं सांगितलं, की जे लोक २५ सप्टेंबरच्या आत खातं पूर्ण काढून टाकतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पुसा आणि फेसबुकला देऊ नका. म्हणजे हक्क मिळाला, पण दोन दिवसांचा. त्या दोन दिवसांत दर्यापूर-अकोटच्या किती लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली असंल, तुम्हीच सांगा. पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. नंतर डेटा संरक्षणाचा कायदा यायला २०२३ उजाडलं.

कायदा वाईट नाही. कलम ६ म्हणते, संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागं घेणं सोपं असलं पाहिजे. कलम १२ म्हणते, माहिती पुसून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वाचून बरं वाटते. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही दोन्ही कलमं लागू होणार त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोवर कंपन्यांना तयारीला वेळ पाहिजे, असं कारण.

ठीक आहे. पण याच कायद्यातलं कलम ४४(३) मात्र एक दिवसही थांबलं नाही, नियम निघाले तसं लगेच लागू झालं. त्यानं काय केलं? माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी अधिकाऱ्याला 'ही व्यक्तिगत माहिती आहे' म्हणून नकार द्यायचा, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागायचं. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी ओळही होती. आता फक्त 'व्यक्तिगत माहिती' एवढे दोन शब्द पुरेत. सरकार म्हणते, जनहितासाठी कलम ८(२) आहेच की! आहे. पण जनहित कशात आहे हे आधी ठरवणार कोण? ज्याच्या टेबलावर अर्ज पडला तोच.

क्रम पाहा. आपला फोटो, आपला नंबर पुसून घ्यायचा हक्क २०२७ मध्ये. साहेबांची फाईल झाकायची सोय २०२५ मध्येच!

मी जिल्ह्याच्या बातम्या करतो, म्हणून हे मला टोचतं. सिंचन विहीर कोणाच्या नावावर निघाली आणि शेतात खड्डा तरी आहे का, रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाची सही कशी, पीकविम्याच्या यादीत गावात न राहणाऱ्याचं नाव कसं, या सगळ्या बातम्या नावांवर उभ्या असतात. नाव झाकलं की बातमी संपली. केंद्राचा २००५ चा कायदा येण्याआधीपासून माहिती अधिकाराचा कायदा असलेलं आपलं राज्य आहे हे.

म्हणून दोन गोष्टींची गल्लत करू नका. सरकारी पैसा कोणाच्या हातात गेला, ही माहिती पुसायची नसते. माझ्या लेकराचा वाढदिवसाचा फोटो मात्र मी म्हणेन तेव्हा पुसला गेला पाहिजे. आपल्याकडं नेमकं उलटं चाललं आहे.

आता नेहमीचा प्रश्न येईल. "आपल्याले काय लपवायचं हाये? कायले भ्यायचं?" भाऊ, लपवायचं काहीच नसलं तरी घराला दार लावतोच ना आपण?

आणि हा प्रश्न मोबाईलवाल्या पोरांपुरता नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा सेतूवर, झेरॉक्सच्या दुकानात, ओळखीच्या पोराकडं आधार आणि बँक पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले जात होते. अर्ज भरून झाला. ते फोटो आज कोणाच्या गॅलरीत आहेत? फार्मर आयडीसाठी पाठवलेला सातबारा कुठं आहे? आणि आपल्या वऱ्हाडात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचा रडतानाचा फोटो, नावागावासकट, गटागटांतून फिरतो. तिनं कधी खातं उघडलं नाही, कुठं संमती दिली नाही. पुसून मागायचा हक्क सगळ्यात आधी तिला पाहिजे, आणि तो मागायचा कसा हे तिला सांगणारं कोणी नाही.

म्हणून माझं एकट्याचं खातं गेल्यानं काही बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. मागणी सगळ्यांची पाहिजे. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हा प्रशासनांकडं माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, शाळा, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय यांची कोणतीही सूचना फक्त व्हॉट्सॲप गटावर नको. फलकावरही लागली पाहिजे. ज्याला गटातून निघायचं आहे त्याचं काम अडू नये.

दोन, योजनेसाठी मोबाईलवर घेतलेली कागदपत्रं काम झाल्यावर पुसायची, असा लेखी आदेश प्रत्येक सेतू केंद्राला द्या, आणि तो दर्शनी भागात लावायला सांगा.

तीन, लाभार्थी याद्या, मस्टर आणि खर्चाची बिलं लोकांनी अर्ज करण्याआधीच जाहीर करा. 'व्यक्तिगत' हा शिक्का तिथं चालणार नाही.

या कामांसाठी मे २०२७ ची वाट पाहायची गरज नाही. मनात असलं तर येत्या सोमवारी होतील.

ज्यांना सोडायचं आहे त्यांच्यासाठी: आधी आपले फोटो आणि पोस्ट उतरवून घ्या. पेजचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर दुसऱ्याला पूर्ण अधिकार द्या, नाहीतर खात्यासोबत पेजही जाईल. मग अकाउंट्स सेंटरमध्ये 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल' शोधा. तिथं 'डीॲक्टिव्हेट'वर बोट ठेवू नका, 'डिलीट' निवडा. ३० दिवस तिकडं फिरकू नका. व्हॉट्सॲप सोडायचं असेल तर आधी सेटिंगमधून 'डिलीट अकाउंट' करा, ॲप त्यानंतर काढा. ज्यांना सोडायचं नाही त्यांनी निदान जुन्या कागदपत्रांचे फोटो आज रात्री चॅटमधून काढून टाका, आणि ज्याला पाठवले त्यालाही काढायला सांगा.

माझ्याशी बोलायचं असेल तर फोन करा. नंबर तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडं आहेच. तुमच्या फोनमधून तो पुसणं तसंही माझ्या हातात नाही.