ओल झाकली म्हणजे गेली नाही

दसरा तोंडावर आला की घरोघरी एकच घाई. दिवाळीआधी भिंती नीट झाल्या पाहिजेत! पोपडे सुटलेले, लोणा लागलेला, हात लावला की विटेची भुकटी पडते. मग मिस्त्री येतो, ‘चार दिवसांत नवीन करून देतो वहिनी’ म्हणतो आणि ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो. वरून ऑइलपेंट. दिवाळी झकास जाते. पुढच्या पावसाळ्यात तीच ओल कंबरेपर्यंत आलेली असते आणि बचत गटाच्या कर्जाचे हप्ते मात्र सुरूच!

धारणीत तर ही कटकट जास्तच. मेळघाटात पाऊस वऱ्हाडाच्या सपाटीपेक्षा जास्त. जुन्या घरांच्या विटा मातीत नाहीतर चुन्यात बसवलेल्या, जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. वीट जमिनीतलं पाणी ओढून घेते, साधारण ३ फुटांपर्यंत, आणि पाण्यासोबत क्षारही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून विटेला पोखरतात. मातीचा, चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ द्यायचा. सिमेंट आणि ऑइलपेंट तिची वाट अडवतात, मग ती आणखी वर चढते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग पैसा काढा. ओल वरून उतरत असेल तर कवेलू आणि पन्हाळ बघा. एकाच कोपऱ्यात असेल तर न्हाणी, मोरी तपासा. सगळीकडे खालून असेल तर बाहेर जाऊन रस्ता बघा. थरावर थर पडून कित्येक गल्ल्यांत रस्ता जोत्याच्या बरोबरीला आलाय. भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवा, पाण्याला लांब वाट करून द्या. याला कुदळ लागते, कर्ज नाही.

मग खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका. सांधे अर्धा इंच खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतला की क्षार पुन्हा आत मुरतात. आणि विटा तशाच उघड्या ठेवा. भिंत इंचभर वाळायला महिनाभर लागतो असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा दिवाळीचा हट्ट सोडून निदान अख्खा उन्हाळा भिंतीला द्यावा.

‘प्लास्टरआधी भिंत भिजवतातच की, मग वाळवायची कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण ते पाणी वरवरचं, काही दिवसांत उडून जातं. जमिनीतली ओल रोज नवा क्षार घेऊन येते. नवा गिलावा शक्यतो चुन्याचा करावा, रंगही चुन्याचाच द्यावा.

उघड्या विटांचं घर पाहुण्यांना दाखवायची लाज वाटते, हे मान्य. पण त्या भिंतीशी दिवसभर संसार आपला असतो. तिला टेकून दाण्याची कोठी असते, लेकरांची अंथरुणं असतात. बुरशीने दमेकरी लेकराचा त्रास वाढतो आणि रात्र आईचीच जागते. मिस्त्रीशी बोलणी मात्र ओट्यावर पुरुषमंडळी करतात! कुठली भिंत कोणत्या महिन्यात ओलावते, हे घरच्या बाईइतकं कोणाला ठाऊक? तेव्हा बायांनो, चहा देऊन आत येऊ नका. तिथंच बसा आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा, “भाऊ, पाणी येतं कुठून?”