केरीचा सूर आणि ताऱ्यांचे मौन

फोंडा तालुक्यातील केरी या गावचा एक सूर आज पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर अंतरावर आहे, असे म्हटले तर ते कोणाला अतिरंजन वाटेल. परंतु ती नोंदलेली वस्तुस्थिती आहे. अमेरिकेने १९७७ साली सोडलेल्या 'व्हॉयेजर' या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि निवडक जागतिक संगीतात केसरबाई केरकरांनी गायिलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. वाटेत कोणी बुद्धिमान जीव भेटलाच, तर त्याला मानवाची ओळख पटावी, हा हेतू.

भेटेल काय? यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. तरी सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याएवढे अंतर कापावयास त्याला ७५ हजार वर्षे लागतील. आणि आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत! सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली प्रथम सापडला. आज असे परके ग्रह सहा हजारांवर गेले आहेत. इतक्या पसाऱ्यात जीवसृष्टी केवळ आपल्याच वाट्याला यावी, हे बुद्धीला पटत नाही. पण न पटणे म्हणजे पुरावा नव्हे. निर्जीव द्रव्यातून पहिला जीव कसा उपजला, हे कोडे अद्याप उलगडलेले नाही, आणि आपल्यापुढे उदाहरण एकच आहे, ते पृथ्वीचे. सारे जर कोठेतरी असतील तर ते आहेत कोठे, असा प्रश्न एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने १९५० साली सहज जेवताना विचारला होता. त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

आम्हांस अडचण अंतराची तितकी वाटत नाही, जितकी काळाची वाटते. पृथ्वीवर जीव निदान साडेतीन अब्ज वर्षे नांदत आहे. परंतु रेडिओलहरींनी बोलू लागून माणसाला जेमतेम शतक-सव्वाशतक झाले. पावसाळ्याच्या तोंडावर दोन डोंगरांवरचे दोन काजवे नेमके एकाच क्षणी चमकावेत आणि त्यांनी एकमेकांस पाहावे, तसा हा योग आहे. १९७४ साली पोर्तो रिकोतील आरेसिबो येथून ज्या तारकागुच्छाकडे संदेश पाठविला, तो वीस हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून उलट टपाल आले तरी चाळीस हजार वर्षांच्या आत यावयाचे नाही.

हे मौन सोसणे माणसाला जड जाते. म्हणून कोणी उडत्या तबकड्या पाहतो, तर कोणी हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते म्हणून पोथी बंद करतो. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे लोक अधिक. ज्या पूर्वजांनी रात्री जागून ग्रहांची गती मोजली, त्यांचा यात सन्मान होतो असे आम्हांस वाटत नाही. ठाऊक नाही असे म्हणून कान देऊन बसणारा ज्योतिर्विद आम्हांस त्यांचा खरा वारस वाटतो.

आणि त्या तबकडीवरचा आवाज कोणाचा, हेही एकदा आठवावे. केसरबाई १८९२ साली केरीच्या कलावंत घराण्यात जन्मल्या. देवळाच्या चौकात या घराण्यांचे गाणे आम्ही रात्र रात्र ऐकले; सकाळी पंक्तीला मात्र त्यांना आपल्याबरोबर बसविले नाही. अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे मेहनत करून त्या बाईंनी कमावलेला स्वर साऱ्या मानवजातीच्या वतीने गेला. दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या निवर्तल्या. परक्या ताऱ्यावरची बुद्धी ओळखण्याची उमेद धरणाऱ्या आमच्या समाजाला ही शेजारची बुद्धी ओळखावयास किती काळ लागला, याचा हिशेब प्रकाशवर्षांत मांडण्याची गरज नाही.

आमची सूचना साधी आहे. त्यांचा जन्मदिन १३ जुलैला येतो, पण त्या दिवसांत आपल्याकडे आकाशच दिसत नाही. तेव्हा पाऊस सरल्यावर, कार्तिकातील एखाद्या काळोख्या रात्री, गोव्यातील शाळांनी मुलांना मैदानावर न्यावे, दिवे मालवावेत आणि ती साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकवावी. मग मुले प्रश्न विचारतील. त्यांना ती बाई कोण होती, हेही सांगावे.