स्वस्त टेंडर, महागडा हिशेब

शाळेतले पंखे असोत की मोहल्ल्यातला रस्ता, सरकारी खरेदीत पहिला प्रश्न एकच: सर्वांत कमी दर कुणाचा? टेंडरच्या भाषेत याला 'एल-वन' म्हणतात. पण स्वस्त पंखा जास्त वीज खातो आणि ते बिल वर्षानुवर्षे आपल्याच करातून जाते.

नियम अजिबात नाहीत असे नाही. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत विजेची उपकरणे ठरावीक स्टार रेटिंगची घेण्याची अट आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने काही कामांत दर्जालाही गुण द्यायची मुभा दिली, पण 30 टक्क्यांपर्यंतच. केंद्रीय कायदा मात्र झालाच नाही. 2012 चे सार्वजनिक खरेदी विधेयक मंजूर न होताच बारगळले. युरोपीय संघाने 2014 मध्येच वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मोजण्याची तरतूद केली.

सरकार ठोक ग्राहक आहे, त्याने ठरवले तर बाजार बदलतो. 2014 मध्ये सुमारे 310 रुपयांना घेतलेला एलईडी दिवा 2016 पर्यंत 40 रुपयांखाली आला, तो ठोक खरेदीमुळेच.

एक धोका मात्र ओळखा. पर्यावरणाचे दाखले महाग असतील तर मालेगाव, भिवंडीतले छोटे कारखानदार बाहेर फेकले जातील. केंद्रीय खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 25 टक्के वाटा आहे. तो टिकवायचा तर दाखल्याचा खर्च सरकारने उचलावा. नगरसेवक मते मागायला आले की एवढे विचाराच: टेंडरमध्ये फक्त दर पाहता, की टिकाऊपणाही?