अग्निशामकांना ‘देवदूत’ म्हणू नका

माझे वडील मुंबईच्या अग्निशामक दलात फायरमन होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका संस्थेने त्यांचा आणि त्यांच्या चार-सहा सहकाऱ्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि एका साहित्यिकाचे भाषण असा रिवाजाप्रमाणे कार्यक्रम झाला. वक्त्यांनी ‘देवदूत’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी संकोचून खाली पाहू लागली. घरी परतताना अण्णा एवढेच म्हणाले, “बोलले चांगलं. पण आम्ही करायचो काय, ते काही कुणी विचारलं नाही.” हे न विचारणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेला कापूसही होता. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि ते उचितच आहे. परंतु या स्मरणातून एक पिढी सातत्याने गळते. त्या ६६ जागा कशा रिकाम्या झाल्या हे ठाऊक असूनही युद्धानंतरच्या वर्षांत जी तरुण मुले दलात भरती झाली, त्यांची ही पिढी. ती जगली, निवृत्त झाली, म्हातारपणी खोकत राहिली. जिवंत परत येणाऱ्यासाठी आपल्या गौरवाच्या भाषेत शब्दच नाही.

या पिढीने काय केले? १९४८ मध्ये एम. जी. प्रधान हे मुंबई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. साहित्याच्या अभ्यासकाला हे तपशील रुक्ष वाटतील. त्यांचा अर्थ मात्र असा की, आग विझवणे ही शिकण्याची आणि शिकवण्याची विद्या आहे, हे या देशात त्या काळी संस्थेच्या रूपाने मान्य झाले. ती विद्या प्रत्यक्ष हातात उतरवली ती अण्णांसारख्यांनी.

रुईच्या गाठींची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. म्हणून गाठ बाहेर ओढायची, फोडायची, भिजवायची, आणि भिजलेली गाठ दुप्पट जड होते. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची पालथी बाजू लावून पाहायची. धूर आणि उष्णता वरून खाली भरत येतात, म्हणून जमिनीलगत सरकायचे. काही दिसेनासे झाले की होज चाचपत आलेल्या वाटेने मागे फिरायचे. श्वसनयंत्रे मोजकीच असत. नाकाला ओले फडके बांधून भागवावे लागे. आग विझल्यावरही तासन्‌तास तिथेच पहारा करायचा, कारण ती पुन्हा डोके वर काढते. ‘वर्दी’ हा शब्द आमच्या घरात गणवेश या हिंदी अर्थाने कधीच आला नाही. वर्दी म्हणजे आगीची खबर. वर्दी आली की ताटावरून उठायचे.

आता मराठी साहित्याकडे वळू. नारायण सुर्व्यांच्या कवितेने गिरणी कामगाराला मराठीत हक्काची जागा दिली. त्याच गिरण्यांच्या आगी विझवणारा मात्र माझ्या वाचनात तरी पात्र म्हणून भेटत नाही. बंब येतो, घंटा वाजवत येतो, आणि परिच्छेद संपतो. याचे कारण मला आपल्या समीक्षेच्या सवयीत दिसते. श्रमिक एकतर शोषित असावा नाहीतर वीर असावा. पगारावर काम करणारा, कामात निष्णात असलेला आणि त्या कामाविषयी मितभाषी असलेला माणूस या दोन्ही खणांत बसत नाही. मग आपण त्याला ‘देवदूत’ करून माणसांच्या यादीतूनच वगळतो.

यावर कोणी म्हणेल, साहित्यात व्यवसायवार आरक्षण असते काय? नसते, आणि ते मी मागतही नाही. दुसरा आक्षेप असा की, हे मुलाचे पितृप्रेम आहे. आहेच. पण अण्णांवरचे माझे प्रेम बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो, कारण या भाषेची किंमत माणसे मोजतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत एका जुन्या इमारतीला आग लागली. ती विझवताना दलाचे चार अधिकारी गेले; त्यांत दलाचे प्रमुखही होते. पुन्हा तेच शब्द आले: हुतात्मे, देवदूत. देवदूताच्या बाबतीत जिना मोकळा होता का, इमारत किती जीर्ण होती, हे प्रश्न गौण ठरतात. त्याने मरणे जणू त्याच्या स्वभावातच असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची आणि तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा सादर करण्याची जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे, आणि त्याला कुलूप आहे का, हे आपल्यापैकी किती प्राध्यापकांना सांगता येईल?

अण्णा आता नाहीत. त्यांच्या बरोबरीचे जे हयात असतील त्यांनी नव्वदी ओलांडली असेल. मौखिक इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांच्यापर्यंत, आणि ते नसतील तर त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपर्यंत तातडीने पोहोचावे. जाताना शाल नेऊ नये, वही न्यावी. ‘भीती वाटली नाही का?’ हा प्रश्न त्यांना आजवर पुष्कळांनी विचारला असेल. आपण एवढेच विचारावे: आगीच्या दारापाशी पोहोचल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय पाहायचात?